पायवाटेची ओळ
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आत्ता माझी ओळख करून देताना आपल्या मित्रानं मला 'उंबराचं फूल' म्हटलं आणि तुम्ही सगळे हसलात. बरोबरच आहे. गेल्या चाळीस वर्षांत मी एकाही मेळाव्याला आलो नाही. ग्रुपवरही मी फक्त वाढदिवसाला अंगठा दाखवणारा माणूस. पण उंबराच्या फुलाबद्दल मला दोन गोष्टी ठाऊक आहेत, त्या पुढे ओघानं येतील. आयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. आयुष्यभर मी पंचनामे लिहिले. त्यात चार ओळींच्या वर लिहायची सोय नसते. त्यामुळे वेळ पाळीन असं वाटतं. नाही पाळली तर सरांनी खडू फेकून मारावा, नेम अजून तसाच असेल.

विषय दिलाय 'शाळेनं मला काय दिलं'. मला शाळेनं एक कविता दिली. एकच. बाकीच्या मी पाठ केल्या नाहीत आणि त्याबद्दल भरपूर मार खाल्ला.

आठवीतली गोष्ट. ती कविता पुस्तकात होती की सरांनी फळ्यावर लिहून दिली, हे आता आठवत नाही. बालकवींची 'औदुंबर'. आठ ओळींची. सरांनी आधी कविता वाचलीच नाही. आधी विचारलं, "भादलीहून येणारे किती जण आहेत?" तीन-चार हात वर झाले. "धरणगावला कुणाचा मामा आहे?" आणखी दोन. मग सर म्हणाले, त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा मुलगा १८९० साली धरणगावात जन्मला, १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं तिथं त्यानं कविता म्हटली आणि लोक त्याला बालकवी म्हणायला लागले, आणि ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून तो गेला. वय सत्तावीस. वर्ग गप्प झाला. कवी म्हणजे पुण्या-मुंबईचे, जाड चष्म्याचे लोक असं आम्ही समजत होतो. हा तर आमच्या पॅसेंजर गाडीच्या रुळांवरचा निघाला.

मग सरांनी कविता वाचली. तुम्हा सगळ्यांना ती येते, मी म्हणून दाखवत नाही. तिच्यात काय आहे तेवढं सांगतो. एक ओढा आहे, बेटांमधून वाहणारा. पलीकडे टेकडीजवळ चार घरांचं गाव. मधे हिरवी शेतं. शेतांतून एक पांढरी पायवाट वेडीवाकडी जाते आणि जाऊन पोचते ती एका काळ्या डोहाशी. आणि त्या डोहाच्या काठाला पाण्यात पाय सोडून एक उंबर बसलेला आहे. संपली कविता. ना कुणी मरतं, ना कुणी भेटतं.

सरांनी विचारलं, "एवढं हिरवंगार रान सोडून ते झाड काळ्या डोहापाशी जाऊन का बसलं असेल? त्याला भीती वाटत नसेल का?" मी मागच्या बाकावरून म्हणालो, "सर, त्याला पोहता येत असेल." वर्ग हसला. मला दोन छड्या आणि शिक्षा अशी, की उद्या उभं राहून कविता म्हणायची.

दुसऱ्या दिवशी उभा राहिलो. चार ओळी आल्या. पाचवी येईना. पाचवी म्हणजे त्या पायवाटेची. तेव्हा मुलींच्या दुसऱ्या बाकावरून एकीनं मान खाली घालून, ओठ न हलवता ती ओळ मला पुरवली. सरांना ऐकू गेलं असणार. सर, खरं सांगा, ऐकू गेलं होतं ना? तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.

ती कोण हे तुम्हाला ठाऊक आहे. तिचं नाव मी लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, पुन्हा चारचौघांत घेतलं नाही, आजही घेणार नाही. २०१२च्या मेळाव्याच्या फोटोत ती दुसऱ्या रांगेत उभी आहे, डावीकडून चौथी. त्या दिवशी मी आलो नव्हतो, कारण माझा पीक कापणी प्रयोग होता. घरी आल्यावर ती म्हणाली होती, "सगळे तुझी चौकशी करत होते, मी सांगितलं, तो कणसं मोजतोय."

दहावीनंतरचं सांगण्यासारखं फार नाही. कृषी पदविका, कृषी सहायकाची नोकरी, लग्न, दोन मुली, सात बदल्या. एवढं मात्र सांगतो, झाडं-पिकं यांच्यात तीस वर्षं काढूनसुद्धा मी झाड पाहिलं नव्हतं. झाड म्हणजे रजिस्टरातला आकडा. लागवड पाचशे, जिवंत तीनशे वीस, मर एकशे ऐंशी. शेत म्हणजे क्षेत्र, हेक्टर-आर. पाऊस म्हणजे मिलिमीटर. आता जे सांगतो ते माझ्या घरीसुद्धा मी फार उशिरा बोललो.

२०१३च्या जून महिन्यात तिनं मला सांगितलं, की छातीत गाठ लागते. मृगाचा पाऊस वेळेवर आला होता, बियाण्यांची धावपळ, रोज तीन गावं. मी म्हणालो, "पेरण्या आटपू दे, मग दाखवू." पेरण्या आटपल्या. मग कुठं दुबार पेरणी, मग पिकावर कीड, मग अहवाल. ती पुन्हा बोलली नाही. तिला दुखत नव्हतं, आणि न दुखणाऱ्या गाठीची भीती जास्त बाळगायची असते हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. दाखवायला गेलो तो ऑक्टोबर उजाडला होता. इथं बसलेल्या माझ्या बहिणींनो, तुमच्या लेकीसुनांनाही सांगा: गाठ लागली तर त्या आठवड्यात डॉक्टर. पेरणी थांबते. नाही थांबली तर थांबवा. नवरा पेरणीचं नाव सांगत असेल तर त्याला सोडून जा, पण दाखवून या.

पुढची सव्वा वर्षं आम्ही मुंबईच्या गाडीत काढली. भुसावळहून रात्री बसायचं, सकाळी उतरायचं, इंजेक्शन घेऊन दुसऱ्या दिवशी परत. भुसावळ सुटलं की थोड्याच वेळात भादली येतं. मोठ्या गाड्या तिथं थांबत नाहीत. पहिल्याच खेपेला ती खिडकीशी बसली होती, डोक्याला रुमाल नव्हता बांधावा लागत अजून, ती म्हणाली, "इथंच ना रे?" मी म्हणालो, "काय इथंच?" तिनं पुन्हा विचारलं नाही. मला उमगायला दोन वर्षं लागली, ती बालकवींबद्दल विचारत होती.

२०१५च्या फेब्रुवारीत ती गेली. पळस फुलले होते. मला राग आला होता पळसाचा.

माझे वडील वारकरी. मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची पालखी निघते, महिनाभर चालून पंढरपूरला पोचते, त्या पालखीबरोबर त्यांनी वीस-बावीस वाऱ्या केल्या. माझ्या गळ्यात माळ त्यांनीच घातलेली. दहाव्याला नदीवर मी ती काढून खिशात टाकली. कुणाला दिसलं नाही, वडिलांना दिसलं. ते काही बोलले नाहीत. घरात हरिपाठ सुरू झाला की मी उठून अंगणात जायचो. माझं विठ्ठलाशी भांडण साधं होतं: चूक माझी, मग शिक्षा तिला का? भेटायला येणारे सांगायचे, "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात." हे वाक्य ज्यानं काढलं त्याला मला एकदा भेटायचंय. कुणी पुस्तकं आणून द्यायचं, सकारात्मक विचारांची. मी ती रद्दीत घातली.

झोप गेली. जेवण गेलं. ऑफिसात मी एकाच शेतकऱ्याचा अर्ज तीनदा लिहिला. थोरल्या मुलीनं धरून जळगावला मनोविकारतज्ज्ञाकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या आणि त्यांनी झोप आली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यावरून कुणी असं समजू नये, की कविता म्हटली आणि मी बरा झालो. गोळ्या दीड वर्ष घेतल्या. लाज वाटायची, मेडिकलवाला ओळखीचा होता म्हणून दुसऱ्या गावातून आणायचो. आता वाटत नाही. पण गोळीनं झोप येते, सकाळी उठायचं कशासाठी ते गोळी सांगत नाही.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात माझ्या सज्जातल्या एका गावाला नाल्याचं पाणी शेतात घुसलं. तलाठी, ग्रामसेवक आणि मी, तिघं पंचनाम्याला निघालो. ग्रामसेवक कुणाच्या तरी घरी चहाला थांबले, तलाठी फोनवर. मी एकटाच बांधाबांधानं नाल्यापर्यंत गेलो. पूर ओसरला होता. काठ खचलेला, गाळ, वाहून आलेले कपाशीचे पाटे, प्लॅस्टिकचे पाइप. आणि नाल्याच्या वळणावर, जिथं पाणी खोल होऊन काळं दिसत होतं, तिथं एक उंबर. काठाची माती गेल्यामुळे त्याची मुळं उघडी पडून थेट पाण्यात उतरली होती. माणसानं घाटावर बसून पाय सोडावेत तशी.

मी उभा राहिलो तिथं. आणि आतून आपोआप कविता सुरू झाली. चौतीस-पस्तीस वर्षांत एकदाही म्हटली नव्हती. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, चौथी. आणि पाचवीला अडलो. पुन्हा तिथंच.

मोबाइल खिशात होता. बालकवी टाकलं असतं तर अर्ध्या मिनिटात ओळ समोर आली असती. माझा हात गेलाही. पण मला वाटलं, ही ओळ मला कधीच पुस्तकातून मिळालेली नाही. ती मला मुलींच्या दुसऱ्या बाकावरून मिळाली होती. मोबाइलवरून घ्यायची नाही. तलाठ्यानं हाक मारली, मी परत फिरलो, पंचनाम्यात कपाशी ०.८० हेक्टर लिहिलं.

त्या रविवारी मी पुन्हा गेलो. काम नसताना शेतात जाण्याची माझी ती पहिली वेळ. झाडाखाली बसलो, चार ओळी म्हटल्या, पाचवी आली नाही. परत आलो. पुढच्या रविवारी पुन्हा. तिसऱ्या रविवारी मी कविता म्हणतच नव्हतो, पलीकडच्या मळ्यातून एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन येत होती आणि ती ज्या वाटेनं येत होती ती वाट ओल्या गवतातून अशी वाकडीतिकडी, पांढुरकी दिसली. आणि ती ओळ आली. तिच्या आवाजात आली. ओठ न हलवता बोलल्यासारखी, दबक्या आवाजात, आठवीतल्या मुलीच्या. दीड वर्षात मी तिचा आवाज आठवायचा प्रयत्न करायचो तेव्हा मला फक्त दवाखान्यातला, शेवटचा, खोल गेलेला आवाज ऐकू यायचा. त्या दिवशी तो पुसला गेला आणि आधीचा मिळाला. मी खूप रडलो. ती गवतवाली बाई भारा खाली ठेवून थांबली, म्हणाली, "काय झालं भाऊ, साप तर नाही ना?"

मग दर रविवारी जायची सवयच लागली. आता त्या उंबराबद्दल थोडं बोलू द्या, मला 'उंबराचं फूल' म्हणालात ना.

उंबराला फूल येत नाही, आलेलं दिसलं तर राजयोग, असं आपण लहानपणी ऐकलं. फूल येतं. आपण ज्याला फळ म्हणतो, ते खोडाला लगडलेलं उंबर, त्याच्या आतच शेकडो बारीक फुलं असतात, तोंडं आत करून. बाहेरून दिसतच नाहीत. उंबराच्या टोकाला सुईएवढं भोक असतं. त्यातून चिलटाएवढी एक माशी आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात. ती परागकण आणते, आत अंडी घालते आणि आतच मरते. तिची पिल्लं वाढतात, पंख फुटलेल्या माद्या परागकण घेऊन बाहेर पडतात आणि दुसरं उंबर शोधतात. म्हणून पिकलं उंबर फोडलं की आत किडे दिसतात आणि आपण ते फेकून देतो. मला पदविकेला हे होतं, पाच मार्कांना. पण झाडाखाली बसून उंबर फोडून बघितलं तेव्हा पन्नाशी उलटली होती. बाहेरून काहीच न फुललेलं दिसणारं झाड आतून सतत फुललेलं असतं, हे मला त्या दिवसांत फार उपयोगी पडलं. का, ते विचारू नका.

वर्षातून कितीतरी वेळा त्याला बहर येतो. उन्हाळ्यात रानात खायला काही नसतं तेव्हाही तिथं जत्रा. हरियाल येतात, आपला राज्यपक्षी. पिवळ्या पायांची हिरवी कबुतरं, पानांत बसली की दिसत नाहीत, उडाली की कळतं झाडावर वीस होती. तांबट दुपारभर तांब्याच्या भांड्यावर ठोके मारल्यासारखा टुक टुक करतो. रात्री वटवाघळं. विहीर खणणारे जुने लोक उंबर बघून जागा सांगायचे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत जमिनीखालचं पाणी शोधण्याचं प्रकरण आहे, त्यात उंबराचाही उल्लेख आहे. म्हणजे हे झाड उगवतं तिथं खाली ओल असतेच, वरून कितीही करपलेलं दिसो.

त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडली. माझी आई तेव्हा ऐंशीची. तिला लिहिता-वाचता येत नाही. मी रविवारी कुठं जातो हे तिला कळलं होतं. एका रात्री ती म्हणाली, "झाडाला सांगतोस, मला सांगत नाहीस." मग तिनं गाणं म्हटलं, बहिणाबाईंचं. ते बहिणाबाईंचं आहे हेसुद्धा तिला पुरतं ठाऊक नव्हतं. जात्यावर ऐकलेलं, आपल्याच बोलीतलं, म्हणून ते तिचं होतं. विधवा बाई जोशीबुवाला सांगते, माझ्या दारी येऊ नकोस, माझा हात बघू नकोस, ते गाणं. मी लहानपणी ते शंभरदा ऐकलं असेल. त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं.

बहिणाबाई आपल्या असोद्याच्या. १८८० सालचा जन्म. ऐन तिशीत नवरा गेला, पदरी तीन मुलं, शेतीची कामं. अक्षरओळख नाही. दळताना, कांडताना, निंदताना जे सुचलं ते गायल्या. मुलगा सोपानदेव, तो स्वतः कवी, त्यानं आणि घरातल्या माणसांनी उतरवून ठेवलं तेवढंच राहिलं. डिसेंबर १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुस्तक निघालं १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. म्हणजे बाईनं आपली एकही कविता छापलेली पाहिली नाही. आज आपल्या विद्यापीठाला तिचं नाव आहे.

मनावरची त्यांची कविता आपल्याला शाळेत होती. मनाला त्यांनी मोकाट गुराची उपमा दिली आहे, उभ्या पिकात शिरणाऱ्या. आम्ही त्याला 'उपमा अलंकार' लिहून दोन मार्क मिळवले. आता मी तुम्हाला खात्यातर्फे सांगतो, उभ्या पिकात ढोर शिरलं की काय करायचं असतं. काठी घेऊन मागं धावलं तर ते आणखी आत पळतं आणि खाण्यापेक्षा तुडवून नुकसान जास्त करतं. जाणता माणूस धावत नाही. तो बाजूनं जातो, हळू आवाजात हाका मारतो, आणि त्याला बांधाच्या दिशेनं वळवतो. परत शिरतं, परत वळवतो. 'जूनमध्ये दाखवलं असतं तर' हा माझा विचार रोज रात्री दोनला पिकात शिरायचा. मी वर्षभर काठी घेऊन त्याच्या मागं धावलो. आईच्या गाण्यानंतर धावणं सोडलं. यायचा तेव्हा मी म्हणायचो, आलास, बरं. मग औदुंबर म्हणायला लागायचो, सावकाश, आठ ओळी. कधी तीनदा, कधी दहादा. हा विचार अजून येतो. जून महिन्यात हमखास येतो. पण आता एवढी नासधूस करत नाही.

आणि माळेचं काय झालं, असं वडिलांनी मला २०१८ साली विचारलं. सरळ नाही विचारलं. त्यांना चालवत नव्हतं, ते म्हणाले, "या वर्षी पालखीला माझ्या वाटचे चार मुक्काम तू चाल." मी चार मुक्काम चाललो. टाळ घेतला नाही, अभंग म्हटले नाहीत, नुसता चाललो. तिसऱ्या दिवशी एका माळावर विसावा होता. शेजारच्या वारकऱ्याशी बोलताना तुकोबांचा विषय निघाला. आपण तुकोबांना झाडांना सोयरे म्हणणारा संत म्हणून ओळखतो, निबंधात वापरतो, वनमहोत्सवाच्या फलकावर लिहितो. पण दुष्काळात त्यांची पहिली बायको गेली, मूल गेलं. देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसणारा माणूस हा काही हवा खायला गेलेला नव्हता. सोयरे गेल्यावर त्यानं झाडांना सोयरे म्हटलं. हे मला त्या माळावर, पाय सुजलेले असताना समजलं. निबंध लिहिताना समजायला हवं होतं, पण तेव्हा कुणी गेलेलं नव्हतं.

विठ्ठलाशी माझं भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. बोलणं सुरू झालं, एवढंच. माळ पुन्हा घातली. वडील पुढच्या वर्षी गेले, त्यांनी ती बघितली.

सर, आता तुमच्याशी दोन मिनिटं. दहा मिनिटं संपली आहेत हे मला दिसतंय.

तुम्ही आठवीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. एवढं हिरवं रान सोडून ते झाड काळ्या डोहाशी का बसलं. मी त्याच्यावर बरीच वर्षं विचार केलाय. मोठमोठ्या समीक्षकांनी या आठ ओळींवर पानंच्या पानं लिहिलेली आहेत. कुणाला त्यात उदासी दिसते, कुणाला विरक्ती. मी कृषी सहायकाचं उत्तर देतो. सर, त्याचं पाणी तिथं आहे. आपल्याला वरून जो डोह भीतिदायक दिसतो, त्यातूनच ते पितं. ते रानाकडे पाठ करून बसलेलं नाही. त्या डोहाच्या पाण्यावर वर्षभर पाखरांना पोसतं. बरोबर आहे का हे मला माहीत नाही. पण 'पोहता येत असेल' यापेक्षा बरं आहे, एक छडी तरी कमी करा.

शेवटी कामाचं. आपल्या बॅचतर्फे शाळेत झाड लावायचं ठरलं आहे आणि यादीत गुलमोहर आहे. माझी विनंती, गुलमोहर नको, उंबर लावू. रोप मी तयार केलंय, त्याच नाल्याकाठच्या झाडाचं. दोन वर्षांचं आहे, कमरेएवढं. पण इमारतीजवळ किंवा पाण्याच्या टाकीजवळ नको, मुळं भिंत फोडतील आणि मग मुख्याध्यापक आपल्याला शोधत येतील. मैदानाच्या मागं जिथं पावसाचं पाणी साचतं, जिथं आपण लंगडी खेळताना घसरून पडायचो, तिथं लावू. दोन बाय दोनचा खड्डा मी काल संध्याकाळी काढून ठेवलाय, शेणखत टाकलंय. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला दोन बादल्या पाणी लागेल. गावात राहणाऱ्या सहा जणांची पाळी लावली आहे, कागद चहाच्या टेबलावर आहे, सह्या करा. शेळ्यांपासून जपायला जाळी हवी, ती भादलीवाल्यानं कबूल केली आहे.

रोप लावताना आपण सगळे मिळून ती कविता म्हणू. सर सुरुवात करतील. मी सर्वांत मागं उभा राहीन, सवयीनं. पाचव्या ओळीला अडलो, तर दुसऱ्या बाकावरच्या कुणीतरी हळूच सांगा.